खरेदीच्या भावात

ढेबे नावाचं इथे कुणी राहत नाही, असं नूरजहाँनं कुरियरवाल्याला सांगितलं तेव्हा ती अगदी खरं बोलत होती. महाडच्या पेठेतल्या ह्या भांड्यांच्या दुकानात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवरा जहांगीर होता तेव्हा ती आत बसायची, तो गेल्यावर गल्ल्यावर आली, आणि एवढ्या काळात ढेबे हे नाव कधी तिच्या कानावरून गेलं नव्हतं. मोटरसायकल चालू ठेवूनच उभा असलेला तो माणूस म्हणाला, "चाची, पत्ता तर तुमचाच आहे. जहांगीर स्टोअर्स, महाड. नसेल तर परत पाठवतो, माझं काय जातंय?" त्यानं खोकं उचललं, उचलताना ते फिरलं आणि त्याच्यावरचं चित्र तिच्यासमोर आलं. पांढरा मिक्सर, तीन भांडी, बाजूला दात दाखवणारी एक बाई. ह्या बाईला ती ओळखत होती. हीच बाई वरच्या फळीवर, चादरीखाली, गेला महिनाभर हसत होती. नूरजहाँनं चष्मा लावला आणि नाव पुन्हा वाचलं. राजेंद्र भैरू ढेबे. भैरू वाचलं आणि तिनं खोक्यावर हात ठेवला. "थांब रे," ती म्हणाली, "आपलाच हाय. बायजाचा राजू." सही करताना तिला वाटलं, इतकी वर्षं बायजा इथे येते, आणि तिचं आडनाव आपल्याला कंपनीच्या खोक्यानं सांगावं.

खोकं तिनं काउंटरवरून उचलून आत ठेवलं, मग आतून उचलून गोणपाटामागे ठेवलं, मग तिथेही ते नजरेआड होईना म्हणून त्याच्यावर ताटांची चवड रचली. वरच्या फळीवरचा मिक्सर मीनाचा होता. मीना बायजाची धाकटी. वैशाखात तिचं लग्न. दिवाळीनंतर बायजा वाडीवरून उतरली होती ती हेच सांगायला, आणि त्या दिवशी दोघींनी दुकानात बसून मीनाचा सगळा संसार मांडला होता : पातेली, परात, कळशी, डबे, आणि नव्या जमान्याचा म्हणून एक मिक्सर. पोलादपुराच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या त्या वाडीवर वीज येते ती पाहुण्यासारखी, पण नवरा मुलगा पुण्याच्या कारखान्यात होता आणि मीना पुण्यात नांदणार होती. "तिकडं पाटा नसतो म्हनं," बायजा काळजीनं म्हणाली होती, जणू पुण्यात पाणीच नसतं म्हणून कुणी तिला सांगितलं होतं. मग भाव ठरला होता. म्हणजे नेहमीसारखा, पदराखाली.

ही त्यांची जुनी खोड. तिचं मूळ शेळ्यांच्या बाजारात होतं. बायजाचा भैरू बकरे घेऊन उतरायचा आणि जहांगीरचे वडील ईदच्या आधी ते घ्यायचे. दोघं पुरुष खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकून त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा. भाव दोघांतला, तिसऱ्यानं त्यात नाक खुपसायचं कारण नाही. बायजा तेव्हा नवी नवरी, नूरजहाँही नवीच. पुरुषांची ती रुमालाखालची खुसपुस बघून दोघींना हसू आवरत नव्हतं आणि त्या हसण्यातच त्यांची ओळख झाली. पुढे बायजा दुकानात यायला लागली, तेव्हा दुबईवाल्यांच्या बायका चार माणसांत छातीठोकपणे भाव करताना बघून ती संकोचायची. मग एक दिवस नूरजहाँनंच आपल्या ओढणीखाली हात घेतला आणि म्हणाली, "धर गो बोट." तेव्हापासून ते चालू झालं. त्या हाताला धुराचा आणि शेळ्यांचा वास असायचा, बोटांना चिरा. नूरजहाँ तीन बोटं दाबायची, बायजा एक धरून बाकीची झटकून टाकायची, वर मोठ्यांदा म्हणायची, "यंदा आंबा नाय बरा." तासतासभर चालायचं. शेवटी बायजा तिच्या तळहातावर चापट मारायची आणि म्हणायची, "लुटलंस गो मला!" मग चहा. मिक्सरच्या वेळी नूरजहाँनं दोन बोटं दाबली होती आणि मुळीच सोडली नव्हती. दोन हजार. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून तिला तो त्याहून शंभरानं महाग पडला होता, पण हे ती बायजाला सांगणार नव्हती. मीना तिचीही कुणीतरी होती.

आणि खोक्याला बाहेरूनच एक पारदर्शक पाकीट चिकटवलेलं होतं. त्यात बिल. अठराशे एकोणपन्नास, वर घरपोच फुकट. इथे सगळं उघडं. कुरियरवाल्यानं वाचलं असेल, गोदामातल्या माणसानं वाचलं असेल, वाटेत गाडीत बसलेल्या कुणीही वाचावं. नूरजहाँला ते पाकीट बघून उगीचच लाजल्यासारखं झालं. तिनं दुपारी पुण्याला फोन लावला. व्यापारी तिला भाभी म्हणायचा, जहांगीरच्या वेळचा माणूस. तो आधी हसला, मग म्हणाला, "भाभी, खरं सांगू का? त्या भावात मलाच मिळत नाही. तुम्ही असं करा, त्या कॉम्प्युटरवरूनच मागवा आणि दुकानात विका. मीही तेच करीन म्हणतो." हे तो गमतीत बोलला की कसं, ते तिला कळलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. पेठ तीच होती. पलीकडे कापडवाला माश्या मारत बसला होता. म्हणजे कुठे मोठं दुकान उघडलं नव्हतं, कुणी पाटी लावली नव्हती, कुणी समोर उभं राहून गिऱ्हाईक ओढत नव्हतं. भांडायचं म्हटलं तरी कुणाशी?

दोहाहून उझैरचा फोन आला की हेच पालुपद असायचं. अम्मी, दुकान बंद कर, जागा भाड्यानं दे, मोबाइलवाले रांग लावतील. पोराचं चूक नव्हतं. ती म्हणायची, बघू. एखाद्या मोठ्या दुकानापायी आपण बुडालो असतो तर तिला इतकं वाटलं नसतं. धंदा आहे, बसतो आणि उठतो. जहांगीर म्हणायचा, घोड्यानं गवताशी दोस्ती केली तर खाईल काय, आणि हे म्हणून झालं की स्वतःच गवताला बसायला पाट द्यायचा. दुबईवाल्यांच्या बायकांना तो वाढवून सांगायचा, वाडीवरच्या माणसांना उतरवून. एकच पातेलं, चार माणसं, चार भाव. त्यात त्याला वावगं वाटायचं नाही, नूरजहाँलाही कधी वाटलं नाही. ज्याच्या मनगटात सोनं आहे त्याला चार रुपये जड नाहीत, आणि जो टोपलीभर करवंदं विकून आलाय त्याला आहेत. माणूस बघून भाव सांगायचा, ह्यालाच ती दुकानदारी समजत आली. आता कुणीतरी सगळ्यांना एकच भाव सांगत होतं, माणसाचं तोंडही न बघता, आणि तोच कमी होता. मग आपण आजवर काय करत होतो? ती ताटं पुसायला बसली, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिली.

राजूनं पत्ता हाच का दिला, हा प्रश्न तिला संध्याकाळपर्यंत छळत होता, आणि उत्तर सापडलं तेव्हा जास्तच छळू लागला. दुसरा कुठला देणार होता? वाडीवर कुरियर जात नाही. वाडीची पत्रं, औषधं, मुंबईहून येणारी गाठोडी, सगळं ह्याच दुकानात उतरायचं. राजू स्वतः इथेच उतरला होता. महाडला शिकायला आला तेव्हा त्याची ट्रंक माळ्यावर असायची, वसतिगृहातली आमटी पचेना तेव्हा तो काउंटरमागे बसून नूरजहाँच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायचा, आणि चटणी मागताना कधी लाजला नाही. कळंबोलीला नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा त्यानं इथे ठेवला. त्याला पत्ता लिहायचा होता, हात आपोआप ह्या दुकानावर गेला. त्यात डाव नव्हता, टोमणा नव्हता. आपण चाचीच्या दुकानातली वस्तू दुसरीकडून घेतोय आणि चाचीच्याच दुकानात उतरवतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. रागवायला काहीतरी धागा हवा म्हणून ती तो शोधत होती, आणि पोरानं तेवढाही ठेवला नव्हता.

पण बायजा? बायजाला ठाऊक आहे का? तो भाव बघून राजू आईला म्हणाला असेल का, की चाचीनं तुला दोन हजार सांगितले? ह्या एका विचारानं तिचे पुढचे दिवस खाल्ले. दुकान जाईल तर जावो. मिक्सर पडून राहील तर राहो. पण इतक्या वर्षांच्या पदराखालच्या त्या भावांना बायजा आता काय नाव देत असेल, हे तिला कळायला हवं होतं. पूर आला त्या वर्षाची तिला आठवण यायची. सावित्रीचं पाणी माळ्याला लागलं होतं, उतरलं तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल आणि त्यात रुतलेली भांडी. जहांगीर तेव्हा होता, पण हातपाय गाळून बाहेर पायरीवर बसला होता. रस्ते तुटलेले, दरडी कोसळलेल्या, आणि अशात बायजा डोंगर उतरून चालत आली, फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या बांधून. कुणाला काही न विचारता तिनं पदर खोचला आणि राखेनं भांडी घासायला बसली. पुढे पुराचा माल स्वस्तात मिळतो म्हणून गावोगावची माणसं आली, अर्ध्याच्या अर्ध्या भावात मागायला लागली, तेव्हा नूरजहाँ देऊन टाकायला निघाली होती. बायजाच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का रं, पाण्यात बुडलं म्हनून पितळंचं शेन झालं काय? मी घासलंय त्ये. पुरा भाव दे न्हायतर वाट धर." आणि ती माणसं भाव देऊन गेली. दुकान पुन्हा उभं राहिलं ते तिच्या त्या तोंडावर. हे सगळं खोक्यावरच्या बिलात कुठल्या रकान्यात बसतं? तिला वाटायचं, बायजा येईल, खोकं बघेल, पोराला दोन शिव्या हासडेल आणि म्हणेल, लावून दे गो माघारी, मला माझ्या नूरबायचाच हवा. असं ती रोज एकदा मनात म्हणवून घ्यायची. मग स्वतःलाच म्हणायची, अगं, दीडशे रुपयांत तिची महिन्याची चहा-साखर येते. का म्हणावं तिनं तसं?

बायजा आली ती भर दुपारी. नूरजहाँनं तिला लांबूनच ओळखलं, डोक्यावर चुंबळ, हातात चपला. पायरीपाशी आली की ती चपला कोपऱ्यात टाकायची आणि सरळ काउंटरला वळसा घालून आत यायची, तिथला पाट ओढायची. आज तिनं पायरीपाशी चपला पायात घातल्या आणि बाहेरच उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

"आत ये ना गो," नूरजहाँ म्हणाली. "ऊन केवढं हाय."

"नाय, गाडी हाय लगेच. राजूचं खोकं आलंय म्हनं तुझ्याकडं?"

"आलंय. चाय तरी घे."

"नको. आत्ताच घेतलाय ष्ट्यांडावर."

स्टँडवर बायजा कधी चहा घेत नसे. तिथला चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, हे तिचंच मत. नूरजहाँ उठली, ताटांची चवड बाजूला केली, खोकं आणून काउंटरवर ठेवलं. बायजानं त्याच्यावर हात फिरवला. चित्रातल्या बाईकडे बघितलं. मग तिची नजर वर गेली, फळीवर, चादरीची कड सुटून तीच बाई तिथून डोकावत होती.

"तो पन तसलाच?" बायजानं विचारलं.

"तसलाच."

"मंग विकंल ना तो? कुनी घेईल?"

"घेईल कुणीतरी."

"हां," बायजा म्हणाली, आणि तिला खरोखर बरं वाटल्यासारखं दिसलं. तेवढ्यानं नूरजहाँच्या डोळ्यांत पाणी तरारलं, कारण ह्या बाईचं मन वाईट नव्हतं, मुळीच नव्हतं. तिनं न राहवून विचारलं, "बायजे, राजू काय म्हणाला?"

"काय म्हननार?"

"माझ्या गळ्याची शपथ हाय."

बायजा चुंबळ हातात घेऊन तिचे पदर उलगडत, पुन्हा गुंडाळत उभी राहिली. "पोरांची जात. त्याला ठावं नाय काय. म्हनला, आये, दोन हजार सांगितलं तिनं? हितं बघ किती लिवलंय. म्हनला, तू अडानी, तुला लिवता वाचता येत नाय, बोटं धरून भाव करतीस, तुला कुनी बी फशिवतंय."

"कुनी बी म्हणजे मी?"

"तसं नाय गो म्हनला तो..." ती अडखळली. "दुकानदार म्हनला. समदे दुकानदार."

आता बोलायला हवं होतं. नूरजहाँच्या ओठावर सगळं तयार होतं. सांगावं की तो मिक्सर मलाच एकवीसशेला पडलाय, तुला मी खालच्या भावात देत होते, आणि मिक्सरच कशाला, तुझ्या घरातली परात, कळशी, हंडा, कशाकशावर मी कधी दमडी घेतली नाही. खरेदीचा भाव दुकानदारानं मेल्यावरसुद्धा सांगू नये, असं जहांगीर म्हणायचा, पण जहांगीर तर मेलाच होता. ती म्हणाली, "बायजे, ऐक. तुला मी खरेदीच्या भावात देत होते गो. त्याच्याही खाली. अल्लाची कसम."

आणि म्हणत असतानाच तिला आपला आवाज ऐकू आला. ह्याच आवाजात, असाच हात छातीवर ठेवून, ती रोज दहा गिऱ्हाइकांना हेच सांगत आली होती. खरेदीत देते ताई, अल्लाची कसम, एक पैसा नाही घेत तुमच्याकडून. सारी पेठ हेच सांगते. कापडवाला देवाची शपथ घेतो, सराफ पोराबाळांची. ते कुणी खरं मानत नाही, आणि खोटं म्हणून कुणी रागावतही नाही. ते वाक्य इतकं वापरून झालं होतं की आज पहिल्यांदा खरं बोलायची पाळी आली तेव्हा तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. बायजानं हे वाक्य तिच्याशेजारी पाटावर बसून शेकडो वेळा ऐकलं होतं, ऐकून पदराआड हसली होती. ती आता हसली नाही. गिऱ्हाइकं मान डोलावतात तशी तिनं मान डोलावली. "व्हय," ती म्हणाली. "देतच असशील."

देतच असशील. बायजानं चुंबळ डोक्यावर ठेवली, खोकं उचलायला वाकली, मग काहीतरी आठवून थांबली आणि पदराची गाठ हातात घेतली.

"राजू म्हनलाय, फुकट नको ठिवू कुनाकडं. त्यांची जागा अडती. काय व्हतील ते दे म्हनला. किती देऊ गो, खोकं ठिवल्याचं?"

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. ह्या दुकानात बायजानं गाठोडी ठेवली होती, तापानं फणफणलेला राजू ठेवला होता, एकदा भैरूला इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा गाभण शेळी आणून काउंटरच्या पायाला बांधली होती आणि शेळीनं दोन ताटांत लेंड्या टाकून दुकान पवित्र केलं होतं. किती हसलो होतो आपण. आता ती ठेवल्याचे पैसे विचारत होती, साध्या चेहऱ्यानं, आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटावं म्हणून नूरजहाँ चवताळली. तिला भांडण हवं होतं. भांडणात तरी माणूस जवळ येतं.

"पन्नास," ती म्हणाली.

सांगतानाच तिला धीर आला, कारण हा भाव ऐकून कुणीही पेटून उठलं असतं. एका खोक्याचे पन्नास! वाडीहून महाडची येरझार ह्याहून स्वस्तात होते. आता बायजा कमरेवर हात ठेवील, म्हणेल, पन्नास? सोन्याची हाय काय गो तुझी फरशी? दोनावरून सुरू करील. आपण चाळीसवर यायचं, ती तीनवर अडेल, शेवटी म्हणेल, लुटलंस गो मला, आणि मग आपण दोघीही रडू, आणि ती आत येईल. नूरजहाँ काउंटरवर पुढे झुकून वाट बघत राहिली. तिनं चेहरासुद्धा मुद्दाम कडक धरून ठेवला होता, भाव करताना धरतात तसा.

बायजानं गाठ सोडली. नोटा दहा-दहाच्या होत्या, घामानं एकमेकींना चिकटलेल्या. तिनं त्या सोडवल्या, पाच वेगळ्या काढल्या, काउंटरवर ठेवल्या आणि उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक वाटी पालथी घातली.

"बरं," ती म्हणाली. मग खोकं डोक्यावर घेऊन, मान ताठ धरून, ती पायरी उतरली.